रिकी लँबर्ट: लिव्हरपूलला जायलाच हवं होतं का?

बारावा गडी (धागाकर्ता)

जेमी वार्डीच्या धाग्यात मध्येच इंग्लिश स्ट्रायकर रिकी लँबर्टचं नाव निघालं आणि "तो लिव्हरपूलला येऊन बाकावर बसलेला म्हातारा ना?" अशी प्रतिक्रिया आली. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. लिव्हरपूलचं ते एक वर्ष सोडूनही त्याच्या कारकिर्दीत बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आणि माझं म्हणणं असं की ते वर्षसुद्धा आधीच्या पंधरा वर्षांशी लावून पाहिलं तरच उमगतं.

जन्म फेब्रुवारी १९८२, कर्कबी. लिव्हरपूल शहराला लागून असलेली कामगारवस्ती, क्लबची अकादमी आज जिथे आहे तीच. पोरगं लिव्हरपूलचं भक्त. दहाव्या वर्षी क्लबच्या युवा संघात शिरलं, पंधराव्या वर्षी हातात नारळ. मग ब्लॅकपूल. तिथे पहिल्या संघातून तीन लीग सामने होतात न होतात तोच नवे मॅनेजर आले, स्टीव्ह मॅकमहोन, म्हणजे लिव्हरपूलचेच जुने खेळाडू. २००० साली त्यांनीही मोकळं केलं. अठरा वर्षांचं वय, क्लब नाही, पगार नाही. मॅकल्सफील्ड टाउन या तळाच्या डिव्हिजनमधल्या क्लबाने फुकटात सरावाला येऊ दिलं. खर्च भागवायला लँबर्टने बीटरूटच्या कारखान्यात बरण्यांची झाकणं फिरवायचं काम धरलं, रोजाचे वीस पौंड.

ही बरण्यांची गोष्ट इंग्लिश पेपरांनी नंतर इतकी उगाळली की लोकांना त्याच्याबद्दल तेवढंच ठाऊक असतं. मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. मॅकल्सफील्डने करार दिला, एका मोसमात ८ लीग गोल झाले आणि २००२ मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीने तीन लाख पौंड मोजले. मॅकल्सफील्डसाठी तो विक्रम होता. स्टॉकपोर्टला मात्र ९८ लीग सामन्यांत १८ गोल. क्लब गाळात चाललेला आणि हा बऱ्याचदा मधल्या फळीत. सहा फूट दोन इंचांचा गडी, चेंडूवर उत्तम ताबा, पाय जड. अशा खेळाडूला कुठे खेळवायचं हेच बऱ्याच जणांना ठरवता आलं नाही.

ते ठरलं रॉचडेलला. फेब्रुवारी २००५ मध्ये तो तिथे गेला आणि मॅनेजर स्टीव्ह पार्किन यांनी त्याला सरळ पुढे उभं केलं, जोडीला ग्रँट होल्ट. (हाच होल्ट पुढे नॉरिचकडून प्रीमियर लीगमध्ये एका मोसमात १५ गोल करणार होता. चौथ्या पातळीवरच्या एका संघात हे दोघं एकाच वेळी! जानेवारी २००६ मध्ये होल्ट नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला.) २००५-०६ मध्ये लँबर्टचे २२ लीग गोल. वय २४.

ऑगस्ट २००६ मध्ये दोन लाख पौंडांत ब्रिस्टल रोव्हर्स. पहिल्या मोसमात ८ गोल, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात २९. याच काळात वेंब्लीवर प्ले-ऑफ (बढतीसाठीचे बाद सामने) जिंकून रोव्हर्स लीग वनमध्ये आले. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये एफए कपच्या पाचव्या फेरीत त्यांनी एका वरच्या डिव्हिजनच्या संघाला १-० ने घरी पाठवलं. गोल लँबर्टचा, फ्री किक भिंतीला चाटून आत. हरलेला संघ साउदॅम्प्टन.

त्याच साउदॅम्प्टनने दीड वर्षाने त्याला विकत घेतलं. तोवर त्यांची वाट लागली होती. दिवाळखोरीत जाऊन लीग वनमध्ये घसरलेले आणि २००९-१० ची सुरुवात उणे दहा गुणांनी. स्विस उद्योगपती मार्कुस लीबहेर यांनी क्लब विकत घेतला, ॲलन पार्ड्यू मॅनेजर झाले आणि दहा लाखांच्या आत लँबर्ट आला. पार्ड्यूंनी आधी त्याचं वजन उतरवलं. मग आकडे बघा. लीग वनमध्ये ३० गोल, पुढच्या वर्षी २१ आणि बढती, त्यापुढे चॅम्पियनशिपमध्ये २७ आणि पुन्हा बढती, मग प्रीमियर लीगमध्ये १५ आणि १३. विभाग बदलत गेले, बचावपटू महाग होत गेले, हा तोच. पाच मोसमांत सगळ्या स्पर्धा धरून २३५ सामने, ११७ गोल. पेनल्ट्या ३४ मारल्या, ३४ आत.

आता मूळ मुद्दा. जून २०१४ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, चाळीस लाख पौंडांत तो लिव्हरपूलला गेला. वर्षभरात लीगमध्ये २ गोल. लोक म्हणतात वय झालं होतं. मी म्हणतो, वय हे कारण दुय्यम. साउदॅम्प्टनचा संघ त्याच्याभोवती बांधला होता. चेंडू आधी त्याच्या पायाशी किंवा छातीवर, तो थोपवणार, मग लॅलाना नाहीतर रॉड्रिगेझ त्याच्या बाजूने पळणार. लिव्हरपूलचा संघ पळणाऱ्या स्ट्रायकरांसाठी बांधलेला. स्वप्न म्हणून निर्णय शंभर टक्के बरोबर, फुटबॉल म्हणून चूक. बोला.

कोल्हापुरी कॉप

आलो. बोलावल्याशिवाय आलो नसतो, पण शीर्षकातच आमच्या क्लबाचं नाव म्हटल्यावर काय करणार.

गडी, तुमचं साउदॅम्प्टनपुराण छान आहे, पण एक तारीख तुम्ही गाळली. लँबर्टने सही केली २ जून २०१४ ला. त्या दिवशी सुआरेझ आमचाच होता, आदल्या मोसमात लीगमध्ये ३१ गोल मारलेला. स्टरिज २१. दोघांचे मिळून ५२. लँबर्टला घेतला तो या दोघांच्या मागे, विसाव्या मिनिटाला नव्हे तर सत्तराव्या मिनिटाला उतरवायला. चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) परत जागा मिळाली होती, सामने वाढणार होते, बाकावर वेगळ्या धाटणीचा एक माणूस हवा होता. या हिशेबात चूक काय होती सांगा.

मग १९ जून, साओ पाउलो. विश्वचषकात इंग्लंड विरुद्ध उरुग्वे. सुआरेझने दोन गोल घातले, इंग्लंड २-१ ने हरलं आणि शेवटची तीन-चार मिनिटं उरली असताना इंग्लंडने कुणाला उतरवलं? लँबर्टला. त्या स्पर्धेत त्याला मिळाला तेवढाच वेळ. पाच दिवसांनी सुआरेझने कियेलिनीच्या खांद्याला दात लावले, जुलैत बार्सिलोनाने नेला, आणि आमचा तिसऱ्या नंबरचा स्ट्रायकर अचानक दुसऱ्या नंबरवर. स्टरिज जखमी होऊन बसल्यावर तर पहिल्याच. यात लँबर्टच्या निर्णयाचा काय दोष?

अज्ञ बालक

एक बाळबोध प्रश्न. लीग वन म्हणजे एक नंबरची लीग नाही का? मग तिथून दोनदा बढती कशी?

ऑफसाइड आजोबा

बाळा, इंग्रजांचं नामकरण असंच. १९९२ पर्यंत फर्स्ट, सेकंड, थर्ड, फोर्थ डिव्हिजन असा सरळ मामला होता. मग वरच्यांनी वेगळी चूल मांडून प्रीमियर लीग काढली, म्हणून सेकंडची फर्स्ट झाली, थर्डची सेकंड. २००४ मध्ये पुन्हा बारसं केलं: वरून दुसरी ती चॅम्पियनशिप, तिसरी लीग वन, चौथी लीग टू. प्रीमियरमध्ये २० आणि खालच्या तिन्हींत २४-२४, असे ९२ क्लब. लँबर्ट या चारही मजल्यांवर खेळला आणि चारही मजल्यांवर गोल मारले.

बारावा गडी, लेख आवडला. एक भर घालतो. आमच्या वेळी अशा सेंटर फॉरवर्डला इंग्लंडमध्ये तोटा नव्हता. पाठीवर बचावपटू घेऊन उभा राहणारा, डोक्याने चेंडू खाली देणारा. २०१० च्या आसपास ती जमात मोठ्या क्लबांतून हद्दपार झाली होती. लँबर्ट खालच्या विभागांत इतकी वर्षं राहिला याचं एक कारण तेही आहे. वरचे क्लब त्या धाटणीचा माणूस शोधतच नव्हते.

सोलेंटकाठी

साउदॅम्प्टनला राहते, त्यामुळे थोडं इकडचं लिहिते. ऑफिसातले निम्मे लोक सेंट्सवाले, म्हणजे साउदॅम्प्टनचे चाहते आहेत आणि त्यांच्याशी २००९-१० हा विषय काढायची सोय नाही, अर्धा दिवस जातो.

बाहेरच्यांना वाटतं की प्रीमियर लीगमध्ये परत आले तो या लोकांचा सुखाचा काळ. नाही. त्यांना जॉन्स्टन्स पेंट ट्रॉफीची फायनल आठवते. मार्च २०१०, वेंब्ली, समोर कार्लाइल. खालच्या दोन विभागांची ही स्पर्धा, एरवी कुणी विचारत नाही. पण वर्षभरापूर्वी क्लब बंद पडतो की काय अशी अवस्था होती, म्हणून अख्खं शहर लंडनला गेलं, स्टेडियमात सत्तर हजारांवर माणूस. पहिला गोल पेनल्टीवर लँबर्टचा, मग लॅलाना, पापा वायगो, अँटोनियो. ४-१. तोच मिकाइल अँटोनियो जो पुढे वेस्ट हॅमचा झाला, तेव्हा इथे उसना आलेला. त्या वर्षी लीगमध्ये सातवे आले. ते दहा गुण कापले नसते तर प्ले-ऑफ खेळले असते.

पेनल्टीबद्दल: या गावाला पेनल्टीचं वेड क्लबाचा जुना खेळाडू मॅट ल टिसिएने लावलं. सेंट्ससाठी ४८ पैकी ४७. जी एक गेली ती १९९३ मध्ये फॉरेस्टच्या मार्क क्रॉसलीने अडवली, आणि इथले लोक तिची तारीखवार सांगतात. अशा ठिकाणी येऊन ३४ पैकी ३४ मारणं म्हणजे काय ते बघा. नजाकत वगैरे नाही. चार-पाच पावलं मागे, सरळ धाव आणि कोपऱ्यात जोरात. गोलरक्षकाला दिशा कळली तरी हात पोचेपर्यंत जाळं हललेलं.

आणि जाण्याबद्दल. २०१४ च्या उन्हाळ्यात इथून एकटा लँबर्ट गेला नाही. मॅनेजर पोचेटिनो टॉटनमला गेले, लॅलाना आणि लोव्रेन लिव्हरपूलला, ल्यूक शॉ मँचेस्टर युनायटेडला, चेंबर्स आर्सेनलला. लॅलाना-लोव्रेनवर लोक चिडले होते, अजूनही नावं ठेवतात. लँबर्टवर कुणी चिडलेलं मला भेटलेलं नाही. "त्याला जाऊ द्या, तो घरी चाललाय" असाच सूर.

फँटसीवाला

लँबर्ट म्हणजे माझ्यासाठी २०१२-१३ चा फँटसी (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडून गुण मिळवायच्या खेळाचा) मोसम. किंमत फुकटात जमा, संघ नुकताच वर आलेला, पण पेनल्ट्या त्याच्याकडे, फ्री किक त्याच्याकडे, कधीकधी कॉर्नरसुद्धा. आमच्या ऑफिसच्या लीगमध्ये सगळे व्हॅन पर्सी आणि सुआरेझवर उड्या मारत होते.

पहिलाच सामना आठवतो. गतविजेत्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर मॅनेजर ॲडकिन्सने त्याला चक्क बाकावर बसवला. दुसऱ्या डिव्हिजनचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू बाकावर! दुसऱ्या अर्धात उतरला आणि प्रीमियर लीगमधला पहिला गोल घातला. स्टीव्हन डेव्हिसने दुसरा घातला आणि थोडा वेळ साउदॅम्प्टन २-१ ने पुढे. शेवटी ३-२ ने हरले, पण तिसाव्या वर्षी पदार्पण आणि लगेच गोल.

मोसमाअखेर १५ गोल. इंग्लिश खेळाडूंत त्याच्याएवढे फक्त लँपार्डचे. रूनी मागे, डिफो मागे. मार्चमध्ये तर दोन आठवड्यांत लिव्हरपूल आणि चेल्सी दोघांनाही हरवलं आणि दोन्ही सामन्यांत लँबर्टचा गोल. चेल्सीविरुद्धची फ्री किक अजून कुठे सापडली तर बघा, गोलरक्षकाने नुसती पाहिली.

कोल्हापुरी कॉप

होय, तो लिव्हरपूलविरुद्धचा गोल आम्ही पाहिला आहे, धन्यवाद. मीठ चोळून झालं असेल तर पुढे जाऊ.

आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांचे सामने बघत वाढलेल्या माणसाला असा दांडगा फॉरवर्ड आवडणारच, त्यामुळे माझा लँबर्टवर राग नाही. माझा मुद्दा एवढाच की दोष द्यायचाच तर आमचे मॅनेजर रॉजर्स यांना द्या. सुआरेझ गेल्यावर ऑगस्टच्या शेवटी बालोटेली आणला, दीड कोटी पौंडांच्या वर मोजून. म्हणजे लँबर्ट पुन्हा मागे. बरं, बालोटेलीने तरी काय दिवे लावले?

बारावा गडी

कॉप, बरं झालं तारखा काढल्या. करार झाला तेव्हाचा हिशेब बरोबर होता हे तुमचं मान्य. पण माझा मुद्दा त्याने सुटत नाही, उलट पक्का होतो.

२०१४-१५ मध्ये लिव्हरपूलच्या चार स्ट्रायकरांचे लीग गोल लिहा. स्टरिज ४ (बाराच सामने), लँबर्ट २, बालोटेली १, बोरिनी १. बेरीज ८. आदल्या वर्षी दोघांचे ५२. चारही माणसं एकदम म्हातारी झाली नव्हती ना? स्टरिजचं दुखणं सोडा, बाकी तिघांना तो संघ काय देत होता ते बघा. सुरुवातीला सुआरेझ असल्यासारखंच खेळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. हिवाळ्यात रॉजर्सनी तीन बचावपटूंची रचना आणली आणि सर्वांत पुढे स्टर्लिंगला ठेवलं. ती रचना चालली, कारण स्टर्लिंग पळत होता. त्यात लँबर्टला जागाच नव्हती.

साउदॅम्प्टनमध्ये त्याला दोन गोष्टी मिळायच्या. एक म्हणजे जवळ माणसं. तो खाली उतरून चेंडू घ्यायचा तेव्हा लॅलाना दहा पावलांवर असायचा. दुसरी म्हणजे खेळाचा वेग ठरवायची मुभा. चेंडू त्याच्याकडे आला की संघ श्वास घ्यायचा, बचावफळी वर सरकायची. म्हणून शेवटच्या मोसमात १३ गोलांबरोबर १० असिस्ट (दुसऱ्याच्या गोलासाठी दिलेले पास) आहेत. निव्वळ पेनल्टी आणि हेडरवर जगणाऱ्या फॉरवर्डचा हा आकडा नव्हे. आणि हे पोचेटिनोच्या हाताखाली, जिथे पुढच्या माणसापासून दाब टाकायला सुरुवात व्हायची. एकतिशीतला जड पायांचा लँबर्ट ते करत होता. म्हणून "म्हातारा" हे उत्तर मला पटत नाही.

सोलेंटकाठी

ॲडकिन्सना कुणी श्रेय देईल का? पार्ड्यूंना ऑगस्ट २०१० मध्ये काढलं, तेही ब्रिस्टल रोव्हर्सला त्यांच्याच मैदानावर ४-० ने हरवल्यानंतर दोन दिवसांनी. स्कनथॉर्पहून ॲडकिन्स आले, पूर्वी फिजिओ होते. दोन वर्षांत दोन बढत्या. जानेवारी २०१३ मध्ये चेल्सीच्या मैदानावर दोन गोलांनी मागे असताना लँबर्ट बदली म्हणून उतरला, गोल घातला, सामना २-२. आणि दोनच दिवसांनी ॲडकिन्सनाही काढलं. इथले लोक तेव्हा फार भडकले होते. पोचेटिनो कोण हे कुणाला माहीत नव्हतं.

गोंयकार नऊ

देव बरें करूं. घरी परतणाऱ्या स्ट्रायकरांचा विषय निघालाय म्हणून रॉबी फावलरची आठवण काढतो. फावलर आम्ही इथे जवळून पाहिला, म्हणजे टीव्हीवरच, पण गोव्यातल्या मैदानांवर. कोविडमुळे २०२०-२१ ची आयएसएल सगळी गोव्यात झाली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को, प्रेक्षकांशिवाय. फावलर ईस्ट बंगालचा प्रशिक्षक होता. नववे आले, जास्त बोलण्यासारखं नाही.

पण खेळाडू फावलर जानेवारी २००६ मध्ये, तिशीत, मँचेस्टर सिटीहून लिव्हरपूलला फुकटात परत आला होता. पूर्वीचा वेग गेलेला. तरी प्रत्येक टाळी त्याला मिळायची, कारण नव्वदच्या दशकात त्याने तिथे गोलांची रास घातली होती. लँबर्टला ते भांडवल नव्हतं. तो घरी गेला, पण त्या घरात त्याने आधी काही कमावलेलं नव्हतं, उलट पंधराव्या वर्षी हाकललेला. त्याला पहिल्या दिवसापासून सिद्ध करायचं होतं. फावलरला नव्हतं. हा फरक मला मोठा वाटतो.

ऑफसाइड आजोबा

गोंयकार, चांगला मुद्दा.

इंग्लंडच्या पदार्पणाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? ऑगस्ट २०१३, वेंब्ली, समोर स्कॉटलंड. पहिल्यांदा संघात नाव आलं त्याच दिवशी त्याला मुलगी झाली. सामन्यात स्कॉटलंड दोनदा पुढे, इंग्लंडने दोनदा बरोबरी साधली. २-२ असताना रूनीच्या जागी लँबर्ट उतरला. तीनेक मिनिटांत बेन्सचा कॉर्नर आला, हा मधोमध उडाला आणि चेंडू जाळ्यात. इंग्लंडसाठी चेंडूला झालेला पहिला स्पर्श तो, आणि तोच विजयी गोल. एकतीस वर्षांचा नवखा! मी रात्री जागून पाहिला होता, घरच्यांची झोप मोडली.

तीन दिवसांनी लीगचा पहिला सामना, वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर. ०-० चाललेला, शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. कोण मारणार, कुठे जाणार, सगळं सगळ्यांना ठाऊक. १-०.

एकूण ११ सामने, ३ गोल. यातले बरेच बदली म्हणून, तेव्हा वाईट नाही.

कोल्हापुरी कॉप

आजोबा, असं लिहिलंत की भांडायचा मूड जातो.

तरी एक सांगतो. आमच्याकडचा त्याचा पहिला लीग गोल नोव्हेंबरच्या २३ तारखेला आला, क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर, दुसऱ्याच मिनिटाला. आणि पास कुणाचा? लॅलानाचा! मागून उचलून टाकलेला चेंडू, लँबर्टने एका स्पर्शात वश केला आणि खालून कोपऱ्यात सरकवला. थेट साउदॅम्प्टनहून उचलून आणल्यासारखा गोल. त्यानंतर धावत गेला तेव्हाचा चेहरा बघा, तो माणूस दहा वर्षांचा झाला होता. पुढे आम्ही ३-१ ने हरलो हे वेगळं. तीन दिवसांनी लुडोगोरेट्सविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्येही गोल. ज्याने कधी काळी झाकणं फिरवली त्याच्या नावावर चॅम्पियन्स लीगचा गोल आहे. गडी, हे सगळं नको होतं म्हणता?

बारावा गडी

नको होतं असं कुठे म्हटलं? स्वप्न म्हणून बरोबर, हे मूळ लेखातच आहे. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंत, पास लॅलानाचा. माझी केस तुम्हीच लढताय!

अज्ञ बालक

लिव्हरपूलनंतर काय झालं?

बारावा गडी

फार काही नाही. २०१५ मध्ये वेस्ट ब्रॉम, टोनी प्यूलिसच्या संघात. मोसमभरात लीगमध्ये १ गोल. खरं तर कागदावर प्यूलिसचा संघ त्याला शोभणारा, पण तिथे तो बहुतेक वेळ बाकावरच. ऑगस्ट २०१६ मध्ये कार्डिफ, तिथे पॉल ट्रोलोप मॅनेजर होते, ब्रिस्टल रोव्हर्सच्या दिवसांतले त्याचे जुने मॅनेजर. पण ट्रोलोपना पाचेक आठवड्यांत काढलं, नील वॉर्नॉक आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये निवृत्ती जाहीर केली. या दोन वर्षांत वय दिसलं, ते मी नाकारत नाही.

फँटसीवाला

मग उलट प्रश्न. तो २०१४ मध्ये साउदॅम्प्टनलाच राहिला असता तर? मॅनेजर म्हणून कोमान आले, त्यांनी फायनूर्डहून आपला स्ट्रायकर पेल्ले आणला, मागून माने आला, टॅडिच आला. क्लब आठव्यावरून सातव्यावर गेला. लँबर्ट तिथेही बाकावरच बसला असता. तेव्हा "फुटबॉल म्हणून चूक" हे कसं सिद्ध करणार?

बारावा गडी

पेल्ले आणला कारण लँबर्ट गेला. आणि पेल्ले कसा खेळायचा? पाठीवर माणूस घेऊन, चेंडू थोपवून, टॅडिचला जवळ बोलावून. म्हणजे कोमाननीही त्या जागी त्याच जातीचा माणूस शोधला. जागा तीच होती, रिकामी झाली म्हणून भरली.

आणखी एक जुळणी देतो, यावर मात्र विचार करा. २००८-०९ मध्ये लीग वनमध्ये सर्वाधिक २९ गोल दोघांचे होते: लँबर्ट आणि स्विंडनचा सायमन कॉक्स. लँबर्ट २७ वर्षांचा, कॉक्स त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. त्याच उन्हाळ्यात दोघे विकले गेले. कॉक्स वर गेला, वेस्ट ब्रॉमला. ते चॅम्पियनशिपमध्ये होते आणि वर्षभरात प्रीमियर लीगमध्ये पोचले. लँबर्टने त्याच डिव्हिजनमधला, उणे दहा गुणांवरचा क्लब धरला. त्या दिवशी शंभरातल्या नव्वदांनी कॉक्सचा सौदा चांगला म्हटला असता. कॉक्स प्रीमियर लीगमध्ये गेला खरा, आयर्लंडकडूनही खेळला, पण तिथे पहिल्या पसंतीचा सेंटर फॉरवर्ड कधी झाला नाही. लँबर्ट खालच्या मजल्यावर थांबला, पण त्याच्यासाठी संघ बांधला गेला, आणि तो संघच त्याला वर घेऊन गेला. २००९ ला हे त्याला मिळालं. २०१४ ला लिव्हरपूल ते देऊ शकत नव्हतं, आणि त्यांनी तसं कबूलही केलं नव्हतं.

कोल्हापुरी कॉप

कॉक्सचं माहीत नव्हतं. वाचतो.

पण गडी, २००९ मध्ये लँबर्टला काय ठाऊक होतं पुढे काय होणार ते? पैसे चांगले मिळाले असतील, गेला असेल. नशीब म्हणा की.

सोलेंटकाठी

नशीब थोडं होतंच. लीबहेरनी क्लब घेतला तो लँबर्ट येण्याच्या महिनाभर आधी. तो करार फिसकटला असता तर विकत घ्यायला साउदॅम्प्टन उरलं असतं की नाही कोण जाणे. आणि लीबहेर स्वतः पहिली बढतीसुद्धा बघायला राहिले नाहीत, ऑगस्ट २०१० मध्येच गेले. पुढचं मुलीने सांभाळलं.

ऑफसाइड आजोबा

होल्टवर कुणी स्वतंत्र धागा काढेल का? तोही टायरच्या कारखान्यात काम करून आणि सिंगापूरला खेळून आलेला गडी आहे. रॉचडेलच्या त्या जोडीतल्या दुसऱ्यावर अन्याय नको.

बारावा गडी

आजोबा, तुम्हीच काढा. नॉरिचवाले इथे दोघे तरी आहेत, त्यांना मी हाक मारतो.